समोरच्या घरातली रिकामी खोली

तुम्ही दोघांनी त्या शनिवारचा माझा फोटो मागितला होता, तो मी पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर कारण विचारलंत तेव्हा मी "पाय दुखत होते" एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तेव्हा समोरच्या घरातल्या वहिनी आमच्याकडे बसल्या होत्या आणि त्यांच्यादेखत बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं हे मला माहीत आहे. आईकडून वाचून घ्या, एका बैठकीत नाही जमलं तर दोन बैठकांत. मला इंग्रजीतही लिहिता आलं असतं, माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण या हकिकतीतली माणसं मराठीत बोलली, आणि त्यांचं बोलणं मी इंग्रजीत नेलं की ती आहेत त्यापेक्षा सभ्य वाटायला लागतात.

तुमच्या शहराच्या मधून एक दरी जाते आणि तिच्यावर मोठा पूल आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत. साठच्या दशकात काळ्या माणसांना पुलाच्या एकाच बाजूला राहावं लागे. पलीकडे कोणी त्यांना घर विकत नसे, भाड्यानेही देत नसे. मग ते आणि त्यांच्या बाजूचे लोक महिनोन्‌महिने रोज तो पूल ओलांडून चालत गेले. "अँड दे थ्रू रॉक्स ॲट देम, आजी," असं धाकट्याने मधेच सांगितलं, आणि मोठी त्याच्यावर ओरडली की तो भाग तिला सांगायचा होता. त्या चालण्याची आठवण म्हणून तुमच्याकडे दरवर्षी लोक पुलावरून जातात. यंदा तुमच्या शाळेने सांगितलं होतं की जगात कुठेही असलेल्या आपल्या एका आजी-आजोबांना त्याच दिवशी चालायला सांगा. मी लगेच हो म्हटलं. मनातल्या मनात मी अजूनही चाळिशीत आहे, त्यामुळे चालण्याच्या गोष्टीला पटकन हो म्हणते.

इथे आखातात मोर्चे निघत नाहीत. पण फिरायला जायला कोणाची ना नसते. मी असं योजलं होतं की शनिवारी ऊन उतरलं की करामा या आमच्या वस्तीतल्या बागेला एक फेरी मारायची, तुमच्या मामीकडून फोटो काढून घ्यायचा आणि घरी येऊन पाय वर करून पडायचं. ऑगस्टमध्ये इथे संध्याकाळीसुद्धा दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. एक फेरी म्हणजे पुष्कळ झाली.

त्याच आठवड्यात त्या मुलीच्या घराचा प्रश्न आला.

ती मुलगी तुमच्या मामीच्या ऑफिसात आहे, सिलिकॉन ओएसिसमध्ये. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. पिंपरीची. वडील तिथे कारखान्यात होते, आता रिटायर झाले. ती मामीच्याच गाडीतून ऑफिसला जाते, म्हणून तिला करामातच राहायचं असतं. इतकी वर्षं ती एका फ्लॅटमध्ये राहत होती जिथे हॉलचे प्लायवूडने चार भाग केले होते, आणि तिच्या भागाला भिंतीऐवजी पडदा होता. त्या फ्लॅटच्या मालकाला नोटीस आली की असे भाग पाडणं बेकायदेशीर आहे, ताबडतोब काढा. नियम बरोबरच होता. पण त्या नियमाने तिथल्या सगळ्या बायकांना आठवडाअखेरीला रस्त्यावर आणलं. मामीने मला विचारलं, "आई, समोरच्या वहिनींची खोली रिकामी आहे ना?"

होती. वहिनींचा मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. त्याला मी इथल्या शाळेत पाचवी ते सातवी शिकवलं आहे, म्हणून वहिनी मला अजूनही 'बाई' म्हणतात. त्यांना मात्र सगळी बिल्डिंग वहिनी म्हणते, आणि त्या माझ्याहून वीसएक वर्षांनी लहान असल्या तरी मीही म्हणते. मुलगा गेल्यापासून त्यांना घर खायला उठत होतं. "एखादी मराठी मुलगी मिळाली तर ठेवू, नोकरीवाली, सोबत होईल," असं त्या मला उन्हाळ्यापासून सांगत होत्या. आमच्याकडे जागा असती तर हा प्रश्नच आला नसता. पण आमची बेडरूम एकच. तुमचा मामा पहाटे हमरिया फ्री झोनला कामावर जायला निघतो, तेव्हा हॉलमधल्या माझ्या दिवाणाला वळसा घालूनच त्याला बाहेर पडावं लागतं.

मंगळवारी संध्याकाळी मी त्या मुलीला घेऊन वहिनींकडे गेले. वहिनींनी कांदेपोहे केले होते. इतकं सगळं चांगलं चाललं होतं की मला आठवलं तरी शीण येतो.

वहिनींनी त्यांची जुनी गोष्ट सांगितली. मी ती अनेकदा ऐकली आहे, पण त्या सांगतात छान. "आम्ही नवीन आलो तेव्हा गं, एजंट फोनवर एवढा गोड! मॅडम, फ्लॅट रेडी, यल्ला, आजच या, चावी माझ्या खिशात आहे. मी साडीबिडी नेसून निघाले. पोरगं पोटात. आणि मग शेवटी विचारतो, व्हिच नॅशनॅलिटी? इंडियन म्हटल्यावर म्हणतो, सॉरी मॅडम, ओनर प्रेफर्स युरोपियन्स. मी म्हटलं, मेल्या, मग साडी नेसायच्या आधी विचारायचं होतंस!"

"मला तर परवा एकीने दारातच विचारलं, केरला?" मुलगी म्हणाली. "मी म्हटलं, महाराष्ट्रा. ती म्हणते, सेम सेम, बट नो."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग कामाचं बोलणं झालं. घरात मासे-मटण नाही. मुलगी म्हणाली, चालेल, ती बाहेर खाईल. अंडं? "अंडं म्हणजे काय आता, सगळेच खातात," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना तर सकाळी दोन लागतात." मग खोली दाखवली. मुलाची बक्षिसं कपाटावर तशीच राहू देत, एवढीच अट. मुलीने दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं, पुन्हा लावलं.

"काय गं, करकरतं का?" वहिनींनी विचारलं.

"नाही काकू. दार आहे ना, म्हणून बघतेय. मी तीन वर्षं पडद्याआड कपडे बदलतेय."

"अगं बाई गं," असं म्हणत वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो खरा होता. तो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

आम्ही पुन्हा चहाला बसलो आणि वहिनींनी सहज विचारलं, "आता गणपती आलेच. तुमच्याकडे किती दिवसांचा असतो?"

तुम्हाला हा प्रश्न साधा वाटेल, म्हणून इथे थांबून सांगते. आमच्यात कोणी कोणाची जात विचारत नाही. शिकलेली माणसं तर मुळीच नाही. आधी आडनाव विचारतात. या मुलीचं आडनाव असं आहे की ते चार ठिकाणी सापडतं. मग गाव विचारतात. पिंपरी हे कामाला आलेल्यांचं गाव, त्यावरून काही कळत नाही. मग गणपती विचारतात. दीड दिवसाचा की पाच, गौरींबरोबर जातो का, गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, नैवेद्य गोडाचा की तिखटाचा. दोन-तीन उत्तरांत समोरच्याचं घर पायापासून छपरापर्यंत कळतं, आणि विचारणाऱ्याने फक्त सणाची चौकशी केलेली असते. वहिनी हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. मलाही पहिल्या भेटीत विचारला होता. मी उत्तर दिलं, आणि पुढे कोणी काही विचारलं नाही. ज्याचं उत्तर जमतं त्याला तो प्रश्न ऐकूच येत नाही.

"आमच्याकडे नसतो, काकू," मुलगी म्हणाली. "आम्ही बौद्ध आहोत." अंड्याबद्दल बोलली होती त्याच आवाजात.

"हो का? छान, छान," वहिनी म्हणाल्या. "चहा घेतेस आणखी?"

तिचा कप भरलेला होता.

आम्ही आमच्या घरी आलो तर मामी ऑफिसचे कपडेही न बदलता वाट बघत होती. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "अगं, दीड दिवसाचा म्हणायचं ना! कोण पिंपरीला बघायला जाणार होतं?"

"आणि मग दरवर्षी मोदक कोण करून दाखवणार? तुम्ही?"

"यूट्यूब आहे."

"ताई, मला वरण धड येत नाही. मोदकात पकडली गेले असते."

आम्ही तिघीही हसलो. मग मुलगी म्हणाली, "आजी, होईल ना?" मी काही बोलायच्या आत मामी म्हणाली, "इन्शाल्ला." त्या शब्दाने इथे किती गोष्टी टाळल्या जातात हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

बुधवारी दुपारी वहिनींनी बेल वाजवली. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. "बाई, जरा अडचण झालीय. ह्यांचे चुलत भाऊ येतायत. व्हिजिटवर, नोकरी बघायला. खोली त्यांना द्यावी लागणार."

"कोणते? साताऱ्याचे?"

"हो, तेच."

"वहिनी, ते तर मागच्या दिवाळीच्या आधी गेले. तुमच्याकडे फराळ करायचा नव्हता, म्हणून चकल्या मीच पाठवल्या होत्या."

"ते मोठे. हे धाकटे."

"त्यांना धाकटा भाऊ होता?"

 वहिनी आत येऊन खुर्चीत बसल्या. "तुम्ही मास्तरीण. उत्तर चुकलं की तुम्हाला कळतं. मग मुद्दाम विचारता कशाला?"

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडे मुखवट्यांच्या गौरी बसतात. सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओवर सगळं बघतात, फोन घरभर फिरवायला लावतात. स्वयंपाकघरात कोण, नैवेद्याला हात कोणाचा लागला, मागे उभी ती कोण, कोणाची. "मी मानत नाही हो काही. मुलगी गोड आहे. पण त्या विचारतील तेव्हा उत्तर मला द्यायचंय. तुम्हाला नाही."

"यजमान काय म्हणतात?"

"म्हणतात, तुझं तू बघ. पुरुषांना बरं असतं, त्यांचं सगळं बायकोनं बघायचं."

मी तिथेच थांबायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, त्या एजंटच्या मालकालाही कोणी सासूबाई असतील."

त्या ताडकन उठल्या. "म्हणजे मी त्या गोऱ्यांना घर देणाऱ्यासारखी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंतच की. फक्त बाईंच्या पद्धतीनं म्हटलंत." आणि गेल्या. दार आपटलं नाही. त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं, असं वाटेल इतक्या हळू लावलं.

त्या दुपारी मी तुमच्या पुलाबद्दल वाचत बसले. वाचून मला आणखी दमायला झालं. तिथे निदान दगड होते. दगड कुठून आला ते दाखवता येतं. इथे कांदेपोहे होते, चहा होता, पाठीवर फिरवलेला हात होता आणि एक नसलेला चुलत दीर होता. यातलं कोणाला काय दाखवायचं? या देशात आम्ही सगळेच भाडेकरू. माझं इथलं राहणंसुद्धा तुमच्या मामाच्या नोकरीवर अवलंबून आहे. त्याची नोकरी गेली की मीही गेले. पायाखाली स्वतःची वीतभर जमीन नसलेली माणसंसुद्धा दुसऱ्याला कुठे उभं करायचं ते ठरवत असतात, आणि ते ठरवायचं शास्त्र आम्ही सामानातून इथवर आणलं आहे.

मुलीला मामीने गाडीत सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलंच होतं. भरल्या कपाला चहा विचारला ना." आणि लॅपटॉप उघडून कामाला लागली, असं मामी म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी पुन्हा आल्या. या वेळी आत आल्या, बसल्या आणि मामीच्या हातचं सरबत घेतलं. रात्रभर विचार केला, म्हणाल्या. तोडगा सापडला होता. मुलीला खोली द्यायची, पण गौरी गेल्यावर. तोवर ती आमच्या हॉलमध्ये राहील, तीन आठवड्यांचा तर प्रश्न. मग सासूबाईंचा फोन घरभर फिरायचा थांबतो. "आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं. "पुढच्या वर्षी ती तेवढे दिवस रजेवर घरी जाईल ना. नाहीतर तुम्ही आहातच समोर. आठवड्याभरासाठी कोण काय म्हणणार? बाई, याहून जास्त माझ्याच्यानं होणार नाही. मी ह्यांच्याशीसुद्धा भांडले याच्यासाठी."

भांडल्या असणार. त्यांचे डोळे सुजले होते. आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. प्रश्न मिटला असं वाटलं. वहिनी गेल्यावर मी लगेच मुलीला बोलावून घेतलं.

मामी तर तिला बोलूच देईना. "घे. खलास. दार आहे, माझी गाडी आहे, काकू जेवायला घालतील ते वेगळं. प्रॅक्टिकल हो जरा."

मुलगी माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही काय केलं असतं?"

"मी घेतली असती," मी म्हटलं. "तेवढी दमले असते म्हणून."

"दमले तर मीही आहे." ती दिवाणाच्या चादरीवरचा दोरा ओढत बसली. "पण आजी, हे असं होईल ना, की मी तिथे वर्षभर राहणार. काकूंना ताप आला तर मी पेज करून देणार. आणि मग देव यायच्या आदल्या दिवशी बॅग भरून समोरच्या घरात जाणार, देव गेले की परत येणार. माझी आई रोज फोन करते. तिला काय सांगू, या आठवड्यात मी इथे का दिसतेय?"

"सांग, रंगकाम काढलंय," मामी म्हणाली.

"दरवर्षी?"

मामी आत जेवणाचं बघायला गेली. मुलगी म्हणाली, "काकूंना सांगा, थँक यू. खरंच सांगा. पण मला बाराही महिने राहायचंय. छोटी खोली चालेल."

ते मी वहिनींना त्या दिवशी सांगितलं नाही. आधी छोटी खोली तरी सापडू दे, असं ठरवलं.

शनिवारी तुम्ही झोपलेले होतात, आणि पुलावर जायला तुम्हाला अजून वेळ होता, तेव्हा आम्ही तिघी निघालो. बागेची फेरी राहिली. करामात किराणा दुकानांच्या दारांवर आणि दिव्यांच्या खांबांवर खोल्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. मी त्या रोज बघते. त्या दिवशी पहिल्यांदा भाडेकरूच्या डोळ्यांनी वाचल्या. अमुक राज्याच्याच बायका, तमुक देशाच्याच, फक्त शाकाहारी, फक्त एकाच धर्माचं कुटुंब. जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत 'ओन्ली' होतं. मुलगी फोन लावायची, पलीकडून एक प्रश्न यायचा, ती एक उत्तर द्यायची आणि फोन ठेवायची. काही वेळाने ती आधीच सांगायला लागली, "आय ॲम इंडियन, महाराष्ट्रियन, बुद्धिस्ट, आय ईट एव्हरीथिंग, टेल मी यस ऑर नो." मामीला हसू आवरेना. "अगं, खोली मागतेयस की धमकी देतेयस?"

पहिली जागा बघितली तिथे पुन्हा पडदाच होता. दुसरीची लिफ्ट बंद होती, मी खालीच बसले, त्या दोघी जाऊन आल्या आणि मुलीने नुसती मान हलवली. तिसरी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. तिथे जायला पादचारी पूल चढावा लागतो. मी कठड्याला धरून चढले. मला त्या वेळी तुमची आठवणही झाली नाही, मला फक्त गुडघे होते.

ते घर एका श्रीलंकन नर्सचं. तिची बहीण मायदेशी परत गेली, म्हणून खोली रिकामी झाली होती. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती आणि उभ्या उभ्या भात खात होती. तिने विचारलं, "सुबह बाथरूम कितना टाइम?" मुलीने सांगितलं. "नाइट में फोन पे जोर से बात?" नाही. "बिल्ली से डर?"

मुलगी मांजराला प्रचंड भिते. आणि मांजर तोपर्यंत सोफ्यामागून निघून तिच्या पायाशी आलं होतं. ती भिंतीला चिकटून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "नहीं. बिलकुल नहीं." आठवड्यात पहिल्यांदाच ती खोटं बोलली.

खोली वहिनींच्या खोलीच्या अर्धी. खिडकी समोरच्या इमारतीच्या एसींवर उघडते. भाडं जास्त. सकाळी मामीच्या गाडीपर्यंत तिला तो पूल ओलांडून चालत यावं लागणार. नर्सने पासपोर्टची प्रत मागितली, कारण घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव सरकारी ॲपवर नोंदवावं लागतं. नाव वाचून ती म्हणाली, "नाइस नेम," आणि आडनावावर तिची नजर थांबलीसुद्धा नाही. तिला त्यातून काही कळण्यासारखं नव्हतंच. तिच्या देशात तिच्या माणसांचे दुसरे प्रश्न असतील.

खाली आल्यावर मामीने फोन काढला. "आई, उभ्या राहा दोघी. मुलांना पाठवू." मुलगी घामाने निथळत होती, मांजराचे केस तिच्या सलवारीला चिकटले होते. "नको ना ताई," ती म्हणाली. "हे काय फोटो काढण्यासारखं आहे?" ते मला पटलं. तुम्ही तो शाळेत लावला असता, आणि खाली लिहिलं असतं की आजी चालली. पण चालणं तिचं होतं, आणि ते तिला कोणाला दाखवायचं नव्हतं. म्हणून फोटो नाही.

रविवारी वहिनी उत्तर ऐकायला आल्या. मी सांगितलं की तिने दुसरीकडे जागा घेतली, आणि का घेतली तेही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "एवढा ताठा बरा नव्हे." मग म्हणाल्या, "कुठे घेतली? माणसं बरी आहेत का?" तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही पुलावरचा व्हिडिओ दाखवलात. वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, हे कशाबद्दल चालले आहेत. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण कायदा झाला म्हणता ना तेव्हाच? मग अजून का चालतात?"

"आठवण म्हणून."

"का अजूनही मिळत नाहीत घरं?"

याचं उत्तर तुम्ही शाळेत विचारून मला कळवा. 

गौरी आल्या. जेवणाच्या दिवशी मी दरवर्षीसारखी वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले. न जाणं मला जमलं नाही, आणि जाऊन फार आनंद झाला असंही नाही. मुखवटे सुरेख मांडले होते. टेबलावर साताऱ्याच्या सासूबाई फोनमध्ये उभ्या करून ठेवल्या होत्या. वहिनींनी त्यांना घर दाखवलं. मुलाच्या खोलीशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही अजून मोकळीच? अगं, मुलगी ठेवणार होतीस ना सोबतीला? एकटीनं किती दिवस काढशील?"

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिळाली नाही चांगली."

"मिळाली होती," मी म्हटलं. मोठ्याने नाही, पण फोनला ऐकू जाईल इतपत. "तिला सणाच्या दिवसात बाहेर राहायचं नव्हतं."

"बरोबरच आहे," सासूबाई म्हणाल्या. "सणाला कोण घराबाहेर राहील?" त्यांना काय समजलं होतं कोण जाणे. सगळं समजलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे मला सांगता येत नाही, आणि वहिनींनाही ते आता कधी कळणार नाही. त्यांनी फोन गौरींकडे वळवला.

निघताना वहिनींनी माझ्या हातात डबा ठेवला. पुरणपोळ्या होत्या. "तिला द्या."

मला घेता आला असता. वर्षानुवर्षं मी असे डबे इकडून तिकडे पोचवत आले आहे. पण मी तो परत त्यांच्या हातात दिला. "वहिनी, ती पूल ओलांडला की तिथेच राहते. तुम्ही नेऊन द्या."

"मी? मला बघून ती दार तरी उघडेल का?"

"ते मला कसं माहीत असणार?"

वहिनी डबा धरून उभ्या राहिल्या. आत बायका उखाणे घेत होत्या, कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. "कितवा मजला?" त्यांनी विचारलं. मी सांगितला. "लिफ्ट आहे?" आहे म्हटलं. "घरात आणखी कोण असतं?" मी म्हटलं, एक नर्स असते, आणि मांजर.

"बघते," वहिनी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते दाबून पाहत आत गेल्या.